मासे ठीक, कोळंबी मेली

समुद्राच्या पाण्याच्या टाकीत काही बिनसलं तर मासे ते सगळ्यात शेवटी सांगतात. आधी गोगलगायी. रात्री काचेवर चढून शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी सकाळी वाळूत उताण्या पडलेल्या दिसतात आणि सरळ करून ठेवल्या तरी पुन्हा काचेला चिकटत नाहीत. मग क्लीनर कोळंबी कात टाकायला जाते आणि त्यातच संपते. झोअँथिडची फुलं मिटून बसतात, झेनिया या मऊ प्रवाळाच्या हातांची अखंड चाललेली उघडझाप मंदावते, अ‍ॅनिमोन तोंड वासून जागा सोडून फिरायला लागतं. क्लाउनफिश मात्र पहिल्यासारखाच खाण्यावर तुटून पडत असतो. मासे ठणठणीत आणि पाठीचा कणा नसलेले जीव एकामागून एक आडवे, असं चित्र दिसलं की संशय धातूवर जायला हवा, आणि धातूंमध्ये सगळ्यात आधी तांब्यावर.

अर्थात त्याआधी दहा मिनिटांची एक तपासणी करून टाकावी. पाणी उडून जाऊन खारेपणा वाढला असेल, हीटर अडकून पाणी तापलं असेल, अल्कलिनिटी एका रात्रीत वरखाली झाली असेल, तरी गोगलगायी अशाच पडतात. या गोष्टी जागच्या जागी मोजता येतात. धातूचं तसं नाही. तांबं पाण्याचा रंग बदलत नाही, त्याला वास नाही, आणि घातक ठरायला लागतं तेव्हाही त्याचं प्रमाण इतकं कमी असतं की घरातलं कुठलंच नेहमीचं उपकरण ते दाखवत नाही.

गंमत अशी की कोळंबी तांब्यावरच जगते. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचं काम हिमोग्लोबिनमधलं लोह करतं. कोळंबी, खेकडे, बऱ्याच गोगलगायी आणि ऑक्टोपस यांच्याकडे त्याच कामाला हिमोसायनिन आहे, आणि त्याच्या गाभ्याशी तांब्याचे अणू असतात. म्हणून त्यांचं रक्त प्राणवायूसकट निळसर दिसतं. पण शरीरात हे तांबं मोकळं कधीच फिरत नाही. प्रथिनं त्याला सतत धरून असतात. मेटॅलोथायोनिन नावाची गंधकयुक्त प्रथिनं तर जास्तीचा धातू पकडून ठेवण्यासाठीच जणू नेमलेली. पाण्यातून मोकळा तांब्याचा आयन या बंदोबस्तापेक्षा वेगाने आत शिरला की तो दिसेल त्या प्रथिनाला चिकटतो आणि त्याचं काम बंद पाडतो. कोळंबीच्या कल्ल्यांमध्ये सोडियमची ने-आण करणारा पंप हा त्याचा आवडता बळी. तो बंद पडला की अंगातल्या मिठाचा हिशेब बिघडतो. प्रवाळाच्या ऊतींमध्ये राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचं प्रकाशसंश्लेषण मंदावतं, शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं. प्रवाळांची अंडी तर आणखी नाजूक. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत लिटरला दोन आकडी मायक्रोग्रॅम तांब्यानेच त्यांचं फलन अडलेलं दिसलं आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग.

माशांनाही तांबं बाधतंच, पण बरंच जास्त लागतं. या फरकावरच माशांचं एक जुनं औषध उभं आहे, आणि टाकीतल्या तांब्याच्या निम्म्या कहाण्या तिथूनच सुरू होतात.

त्या औषधाकडे पुढे येऊच. नको ते जीव तांब्याने मारण्याची युक्ती तशी आपल्या ओळखीची आहे. कोकणातल्या पोफळीच्या बागेत पावसाळ्याच्या तोंडाला मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारतात. नाशिकच्या द्राक्षबागाही त्याला सरावलेल्या आहेत. बुरशीचे बीजाणू मारतं ते त्यातलं तांबं. समुद्रावर हीच युक्ती फार जुनी. ब्रिटिश आरमाराने 1761 मध्ये ‘अलार्म’ नावाच्या युद्धनौकेचा तळ प्रयोग म्हणून तांब्याच्या पत्र्याने मढवला, कारण लाकूड पोखरणारे किडे आणि तळाला चिकटणारी शिंपली-बार्नेकल त्याच्या जवळ फिरकत नाहीत. आजही जहाजांच्या तळाला लावायच्या बहुतेक रंगांत तांब्याचं ऑक्साइड असतं. म्हणजे जे जीव जहाजाला नको म्हणून माणसाने अडीचशे वर्षं तांबं वापरलं, त्यांचेच भाऊबंद आपण हौसेने टाकीत आणून ठेवतो.

आता आकडे बघू. खुल्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण एक चतुर्थांश मायक्रोग्रॅम तांबं असतं, बऱ्याच ठिकाणी त्याहूनही कमी. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात तांब्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे 50 मायक्रोग्रॅम, आणि दुसरा स्रोत नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. माणसाला ते पाणी चालतं. आपल्याकडे तर तांब्याच्या भांड्यातलं पाणी मुद्दाम पितात. प्रवाळ ठेवलेल्या रीफ टाकीत मात्र 10 मायक्रोग्रॅमच्या पुढे आकडा गेला की जाणकार कान टवकारतात. 300 लिटरच्या टाकीत 50 मायक्रोग्रॅमची पातळी गाठायला एकूण 15 मिलिग्रॅम तांबं पुरतं, आणि ते तांदळाच्या एका दाण्याच्या वजनाहूनही कमी भरेल.

एवढंसं तांबं कुठूनही येऊ शकतं, हाच या प्रकरणातला खरा वैताग. आणि भारतीय घरात तर त्याला वाटा भरपूर. पहिली वाट म्हणजे एसीचं पाणी. बाल्कनीत बादली लावून ते साठवायचं आणि ‘हे तर फुकटचं डिस्टिल्ड वॉटर’ म्हणून टाकीत घालायचं, ही युक्ती छंदात नव्या आलेल्या बऱ्याच जणांना सुचते. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला तर आकडा अगदी कमी येतो आणि खात्री पटते. पण हे पाणी जमतं ते तांब्याच्या नळ्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांवर, वर्षभराच्या धुळीतून ओघळत. टीडीएस मीटर दशलक्षात एक भाग एवढ्या पायरीने मोजतो. 50 मायक्रोग्रॅम तांबं म्हणजे त्या पायरीचा विसावा हिस्सा. मीटरच्या दृष्टीने ते नाहीच.

दुसरी वाट गीझर. थंडीत मीठ लवकर विरघळावं म्हणून कुणी गरम पाण्याचा नळ सोडतं, आणि तात्काळ गरम करणाऱ्या बऱ्याच गीझरांची आतली टाकी किंवा कॉइल तांब्याची असते. गरम पाणी, रात्रभर साठलेलं, तांब्याच्या भिंतींमध्ये. तिसरी वाट त्याहून कावेबाज. गेल्या काही वर्षांत घरगुती वॉटर प्युरिफायरमध्ये ‘कॉपर’चं कार्ट्रिज येऊ लागलं आहे. आरओने गाळलेल्या पाण्यात ते मुद्दाम तांबं सोडतं, आरोग्याला चांगलं म्हणून. स्वयंपाकघरातल्या त्या यंत्राचं पाणी ‘आरओचंच तर आहे’ म्हणून टाकीत ओतणाऱ्याला आपण रोज थोडं थोडं तांबं घालतोय याची कल्पनाही नसते.

टाकीसाठी वेगळं आरओ-डीआय यंत्र, म्हणजे पडद्यातून गाळून उरलेले आयन रेझिनने काढणारं, बसवलेलं असेल तर नळाच्या पाण्यातल्या तांब्याची फार चिंता नको. चांगला पडदा त्यातलं 95 टक्क्यांहून जास्त अडवतो आणि उरलेलं डीआयचं रेझिन घट्ट धरून ठेवतं. पण गाळून झाल्यावर पाणी पितळी कॉकमधून किंवा पितळी जोडामधून गेलं तर सगळी मेहनत वाया. खनिजं काढून टाकलेलं पाणी धातूला जास्तच खातं. गाळणीच्या पुढच्या बाजूला प्लास्टिकशिवाय काहीही नको.

मिठाचा हिशेबही एकदा करून बघण्यासारखा आहे. लिटरला सुमारे 35 ग्रॅम मीठ लागतं. त्या मिठात किलोमागे फक्त 1 मिलिग्रॅम तांब्याची भेसळ असली तरी तयार पाण्यात 35 मायक्रोग्रॅम होतं. म्हणून कुठलंतरी स्वस्त, पोत्यातलं मीठ वापरण्याचा मोह टाळलेला बरा. स्वस्त मिठाने वाचवलेले पैसे पुढे धातू पकडणाऱ्या रेझिनवर जातात.

टाकीच्या आतले धातू मात्र बहुतेक वेळा आपणच आत सोडलेले असतात. टाकीखालच्या गाळणीच्या टाकीतल्या, म्हणजे सम्पमधल्या, पाइपला आवळलेली स्टीलची होज क्लिप. दिव्याच्या स्टँडचा एखादा स्क्रू, ज्यावर खारं पाणी उडून गंज चढलाय आणि जो पावसाळ्यात थेंब थेंब खाली टाकीत पडतोय. हातातून निसटून दगडामागे गेलेलं नाणं, जे घरातल्या लहान मुलाने टाकलं हे फार उशिरा कळतं. पण मला सगळ्यात जास्त संशय असतो चुंबकांचा.

काच घासायचा चुंबक किंवा पाणी ढवळणारा वेव्हमेकर पंप काचेला धरून ठेवणारा चुंबक पाण्यातून काढून उजेडात नीट बघावा. बाहेरून काळ्या प्लास्टिकचं किंवा इपॉक्सीचं कवच. आत निओडिमियमचा चुंबक, ज्याच्या वजनाचा सुमारे दोनतृतीयांश भाग लोह. त्याच्यावर गंज लागू नये म्हणून निकेल, मध्ये तांबं, वर पुन्हा निकेल असा पातळ मुलामा. कवचाला केसाएवढी चीर पडली की खारं पाणी आत शिरतं. मुलाम्याला एखादं छिद्र सापडलं की आतला धातू झपाट्याने गंजतो, फुगतो आणि फुगताना कवचाची चीर आणखी रुंद करतो. हातात घेतलेला असा चुंबक अंगठ्याने दाबून बघा. सांध्यातून चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी पातळ लगदा बाहेर येतो. कवच एका बाजूने किंचित टम्म झालेलं असतं, बोट फिरवलं की जाणवतं. आत कडक चुंबकाच्या जागी काळपट पूड राहिलेली असते. त्यातलं लोह फारसं नडत नाही. रीफ टाकीच्या सामू 8 च्या पुढच्या पाण्यात ते लगेच ऑक्सिजनशी जोडलं जाऊन खाली बसतं. नडतं ते मुलाम्यातलं निकेल आणि तांबं. वरच्या बाजूने सगळं आलबेल दिसत असताना असा एक चुंबक महिनोन्‌महिने झिरपत राहतो. पाण्याच्या आतला प्रत्येक चुंबक, पंपाच्या फिरत्या रोटरसकट, वर्षातून एकदा तरी बाहेर काढून असा दाबून बघावा, एवढं मी नक्की सांगेन.

औषधाची वाट याहून सरळ आहे. माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले की तो बहुधा क्रिप्टोकॅरिऑन नावाचा परजीवी असतो, आणि बारीक सोनेरी धूळ दिसली तर अमायलोडिनियम. दोन्हींवर तांबं चालतं. आयनरूपातलं तांबं लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम, आणि चिलेट केलेलं, म्हणजे सेंद्रिय रेणूत बांधलेलं, औषध असेल तर त्याच्या कित्येक पट, हे प्रमाण काही आठवडे सतत टिकवावं लागतं. कारण तांबं मारतं ते फक्त परजीवीची पाण्यात पोहणारी अवस्था. माशाच्या कातडीखालची किंवा वाळूत पडलेली गाठ त्याला दाद देत नाही. हे सगळं उघड्या, दगड-वाळू नसलेल्या वेगळ्या टाकीत करायचं असतं. पण दगडांमध्ये दडलेला मासा पकडायचा म्हणजे अख्खी टाकी मोडायची, म्हणून हताश होऊन कुणीतरी औषध थेट मुख्य टाकीतच ओततं. मासा वाचतो. बाकीचं सगळं जातं. गोड्या पाण्यासाठीच्या ‘सर्व परजीवींवर’ म्हणून मिळणाऱ्या बाटल्या आणि झाडांच्या टाकीतल्या गोगलगायी मारायची औषधं यांतही बऱ्याचदा तांबंच असतं. मागचं बारीक छापलेलं वाचल्याशिवाय कुठलीही बाटली उघडू नये.

संशय आला, आता मोजायचं कसं? दुकानात मिळणारा तांब्याचा टेस्ट किट औषधाचं प्रमाण तपासायला बनवलेला असतो. त्यावर रंगाची पहिली पायरी दिसेपर्यंत कोळंबी केव्हाच गेलेली असते. किटमध्ये शून्य आलं म्हणजे तांबं नाही असा अर्थ होत नाही. रंग दिसला तर मात्र शंकेला जागाच नाही.

खरं मोजमाप होतं ते आयसीपी नावाच्या चाचणीत. ही सोय घरगुती छंदापर्यंत आणली प्रामुख्याने जर्मन कंपन्यांनी. ट्रायटन, फाउना मरीन, एटीआय ही त्यातली ओळखीची नावं. एका छोट्या नळीत टाकीचं पाणी भरून पाठवायचं. तिथे ते आर्गॉन वायूच्या काही हजार अंश तापलेल्या प्लाझ्मात फवारतात. प्रत्येक मूलद्रव्य तापून आपापल्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश देतं, तांबं 324.75 नॅनोमीटरला, आणि त्या प्रकाशाच्या तीव्रतेवरून प्रमाण काढतात. अहवालात कॅल्शियम-मॅग्नेशियमपासून कथिल-शिशापर्यंत तीसेक ओळी येतात. नळी भरताना रबरी हातमोजे घालू नयेत, कारण रबर बनवताना जस्ताचं ऑक्साइड वापरतात आणि मग अहवालात उगाचच जस्त वाढलेलं दिसतं. टाकीबरोबरच आरओच्या पाण्याचीही एक नळी पाठवावी. दोन्हींत तांबं असेल तर चोर दाराबाहेर आहे आणि फक्त टाकीत असेल तर आत, हे एका झटक्यात कळतं.

पण या अहवालाला एक मोठी मर्यादा आहे आणि ती बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. प्लाझ्मा सगळं फोडून टाकतो. तांबं मोकळं होतं की कशाला बांधलेलं होतं, हे तो सांगू शकत नाही. समुद्राच्या पाण्यात तर 99 टक्क्यांहून जास्त तांबं सेंद्रिय रेणूंना बांधलेलं असतं आणि जिवांना बाधतो तो उरलेला मोकळा आयन. ज्या टाकीत खाणं, शेवाळ, जीवाणू, श्लेष्म यांची रेलचेल आहे, तिथे असे बांधून ठेवणारे रेणू मुबलक. म्हणून 15 मायक्रोग्रॅमचा अहवाल असलेली एक टाकी बहरलेली असते आणि तोच आकडा असलेली, नुकतीच मांडलेली, स्वच्छ पाण्याची टाकी मरत असते.

या मुद्द्यावर अमेरिकी छंदविश्वात 2002 च्या सुमारास चांगलीच जुंपली होती. सागरी जीवशास्त्रज्ञ रोनाल्ड शिमेक यांनी घरगुती टाक्यांच्या पाण्याचं विश्लेषण करून घेतलं आणि दाखवलं की तांब्यासारखे कित्येक धातू त्यात समुद्राच्या अनेक पट आहेत. मीठ आणि खाणं यांतून ते येतात, साठत जातात आणि जुन्या टाक्या कोसळण्यामागे हेच असावं, अशी त्यांची मांडणी होती. रसायनशास्त्रज्ञ रँडी होम्स-फार्ली यांचं म्हणणं, एकूण धातू मोजून विषारीपणा ठरत नाही, तो कुठल्या रूपात आहे ते बघावं लागतं. मला शिमेक यांचा इशारा कामाचा वाटतो आणि निष्कर्ष घाईचा. खाण्यातून धातू येतात यात शंका नाही, पण वीस-वीस वर्षं तोच दगड, तीच वाळू ठेवून चाललेल्या टाक्या जगात आहेत. साठत गेलेल्या धातूपेक्षा अचानक आलेला धातू टाक्या जास्त मारतो, असं माझं मत.

आयसीपी बांधलेला धातूही मोजते, याच कारणाने ‘जड धातू निष्प्रभ करतो’ म्हणणाऱ्या पाण्याच्या कंडिशनरबद्दल भ्रम नको. तो धातूला बांधतो, बाहेर काढत नाही. काही काळ जीव वाचवायला त्याचा उपयोग होईलही, पण पुढच्या आयसीपीत आकडा तेवढाच राहील. आणि कुणी ईडीटीए हे धातू बांधणारं रसायन विकत आणून ओतायचा सल्ला दिला तर ऐकू नये. समुद्राच्या पाण्यात त्याच्यासमोर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा महापूर असतो, त्याचा बराचसा जोर तिथेच खर्ची पडतो.

उपायाकडे येऊ. मेलेल्या गोगलगायी आणि कोळंब्या आधी काढा, नाहीतर त्यांच्या कुजण्यातून अमोनिया वाढून दुसरंच संकट उभं राहतं. मग स्रोत शोधा. इथेच बहुतेकांची घाई नडते. शोषक पिशवी लटकवली, पाणी बदललं, दोन आठवडे बरं वाटलं आणि पुन्हा सुरू, कारण चुंबक अजून आतच आहे. पंप, क्लिप, हीटर, दिव्याचा स्टँड, नाणी, मिठाचं पोतं, पाण्याचा मार्ग, एकेक गोष्ट हातात घेऊन बघण्याला दुसरा पर्याय नाही. हे कंटाळवाणं काम आहे आणि ते कुणालाच आवडत नाही.

पाणी बदलण्याचं गणित दिसतं तेवढं उदार नाही. 300 लिटरमध्ये 60 मायक्रोग्रॅम तांबं आहे असं धरा. 75 लिटर बदललं की 45 उरतं, दुसऱ्यांदा 34, तिसऱ्यांदा 25, चौथ्यांदा 19. एकूण 300 लिटर पाणी आणि दहा किलोहून जास्त मीठ खर्च करून एकतृतीयांश तांबं अजून आतच. जीव डोळ्यांदेखत मरत असतील तर एकदम निम्मं पाणी बदलावं, खारेपणा आणि तापमान जुळवून. नव्या पाण्यातच 5 मायक्रोग्रॅम असेल तर कितीही बदला, त्याखाली जाणार नाही. म्हणून आरओची ती दुसरी नळी.

पाणी बदलण्याच्या जोडीला शोषकं. चांगला सक्रिय कोळसा सेंद्रिय रेणूंना बांधलेलं तांबं बऱ्यापैकी ओढतो. तो वरचेवर बदलायचा. त्याहून नेमकं काम धातू पकडणाऱ्या रेझिनचं. सीकेमचं क्युप्रिसॉर्ब त्यातलं प्रसिद्ध. त्याचे मणी भरत आले की निळे-काळे होतात. पॉली-फिल्टर नावाचा जाड पांढरा पॅड तांबं घेतलं की निळसर आणि लोह घेतलं की नारिंगी-तपकिरी होतो. त्यामुळे तो अर्धा औषध आणि अर्धा साक्षीदार. पाणी त्याच्यातून जबरदस्तीने जाईल अशा जागी ठेवला तरच उपयोग, नुसता सम्पमध्ये तरंगत ठेवला तर फुकट. पाण्यात फेस करून घाण काढणारा स्किमर तर चालूच ठेवायचा, कारण सेंद्रिय पदार्थांबरोबर बांधलेला धातूही फेसातून बाहेर जातो. सम्पमध्ये कीटोमॉर्फाचं शेवाळ वाढवून छाटत राहिलं तरी थोडा धातू कमी होतो, पण आणीबाणीला ते कामाचं नाही. आणि रेझिनचा अतिरेकही नको. ते तांब्याबरोबर जस्त, मँगेनीज, लोह हेही खेचतं, आणि प्रवाळांना त्यांची थोडी गरज असतेच.

कथिलाची गोष्ट वेगळी आहे. आयसीपीत कथिल वाढलेलं आलं की लोक गोंधळतात, कारण घरात कल्हईची भांडी सोडली तर कथिल कुठे असतं? ते बऱ्याचदा प्लास्टिकमधून येतं. कडक पीव्हीसी टिकाऊ करायला कथिलाची सेंद्रिय संयुगं वापरतात. समुद्राने या संयुगांच्या एका भावंडाची मोठी किंमत मोजली आहे. ट्रायब्युटिल-टिन मिसळलेल्या जहाजी रंगांमुळे मादी गोगलगायींना नराचे अवयव फुटू लागले. फ्रान्समधल्या आर्काशोंच्या उपसागरातली कालवांची शेती कोलमडली आणि फ्रान्सने 1982 मध्ये छोट्या नौकांवर त्या रंगांना बंदी घातली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 1999 मध्ये आपल्या किनाऱ्यावरच्या क्रोनिया कोंकणेन्सिस या गोगलगायीत हाच विकार नोंदवला. जागतिक बंदीचा करार 2001 मध्ये झाला आणि 2008 मध्ये लागू झाला. आपल्याकडच्या पीव्हीसीत तर कथिलाऐवजी शिशाची संयुगं सर्रास वापरली जात. केंद्र सरकारने त्यावर 2021 मध्ये नियम आणले. त्यामुळे सम्पची प्लंबिंग करताना जुना पडलेला पाइप न वापरता नवा, चांगला घ्यावा आणि आठवडाभर खाऱ्या पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यावं.

भारतात या छंदाला कायद्याचीही एक कडा आहे. दगडी प्रवाळांच्या सगळ्या जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्याच रांगेत. मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या पाण्यातून एक तुकडाही काढून टाकीत ठेवणं हा गुन्हा आहे, आणि तो तुकडा पुढे तांब्याने मारायचा म्हणजे दुप्पट वाईट.

राहिले दगड. तांबं कॅल्शियम कार्बोनेटला चिकटतं, आणि लाइव्ह रॉक, वाळू हे सगळं कॅल्शियम कार्बोनेटच. औषध मुख्य टाकीत ओतलं तर ते झपाट्याने ‘नाहीसं’ होतं, म्हणून माणूस आणखी ओततो. ते गेलेलं नसतं, दगडात जाऊन बसलेलं असतं. नंतर पाणी स्वच्छ झालं की तेच हळूहळू परत बाहेर येतं, विशेषतः जिथे सामू उतरतो तिथे, वाळूच्या खोल थरात किंवा दगडाच्या पोटात. त्यामुळे आयसीपीत आकडा उतरला म्हणून लगेच नवी कोळंबी आणू नये. रेझिन काढून ठेवावं, महिनाभर काहीही न करता थांबावं आणि मग पुन्हा एक नळी पाठवावी. आकडा चढला तर दगड अजून सोडतो आहे. चढला नाही तर आधी दोन-चार स्वस्त गोगलगायी सोडून बघाव्यात. जुनी टाकी सामानासकट विकत घेणाऱ्याने विक्रेत्याला हा एकच प्रश्न विचारावा: यात कधी माशांना औषध घातलं होतं का? थातुरमातुर उत्तर आलं तर काच, पंप आणि दिवे घ्यावेत, दगड आणि वाळू तिथेच ठेवावी. दोनदा-तीनदा असं करूनही सोडत राहणाऱ्या दगडांवर रेझिन आणि मीठ जाळत बसण्यात अर्थ नाही. केवळ मासे असलेल्या टाकीत ते दगड सुखाने चालतात, आणि रीफसाठी नवे कोरडे दगड घेणं शेवटी स्वस्तच पडतं.